घरकुलाला ऊब का नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात माझी आत्या राहते. तिच्या अंगणात दोन घरं आहेत. एक तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं धाब्याचं घर. भिंती हात-सव्वा हात जाडीच्या, वर लाकडी सरे, त्यावर काड्या-पाचोळा आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. दुसरं काही वर्षांपूर्वी मंजूर झालेलं घरकुल. विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, फरशी, लोखंडी खिडक्या आणि वर पत्रा. सरकारी कागदावर पहिलं घर कच्चं आहे, दुसरं पक्कं. दिवाळी झाली की आत्या आपली वाकळ उचलते आणि होळीपर्यंत कच्च्या घरात झोपते. पक्क्या घरात तेव्हा मक्याची पोती आणि खताच्या गोण्या असतात.

कारण विचारलं तर अहिराणीत म्हणाली, "त्या घरमा झोप येस नही रे भाऊ."

मला वाटलं, जुन्याची सवय असेल. म्हणून एका जानेवारीत हट्टाने मी घरकुलात झोपलो. अंगावर दोन गोधड्या होत्या, खाली सतरंजी होती. पहाटे चारच्या सुमारास कपाळावर पाण्याचा थेंब पडला. बाहेर आभाळ निरभ्र, पावसाचा प्रश्नच नव्हता. टॉर्च लावून वर पाहिलं, तर पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंबांच्या रांगा धरल्या होत्या आणि पन्हळीच्या उतारावरून एकेक थेंब सरकत खिळ्यापाशी येऊन गळत होता. आमच्याच श्वासातली वाफ. पत्रा इतका गार झाला होता की ती त्याला लागताच पाणी होत होती. गोधडीचा वरचा पदर ओलसर झाला होता. शेजारी झोपलेला आत्याचा नातू खोकत होता. उठून जुन्या घरात गेलो. तिथे चूल विझून सहा तास झाले होते, पण भिंतीला हात लावला तर ती गार लागली नाही.

त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. महाराष्ट्रात आपण थंडीचा खर्च मोजतच नाही, म्हणून गरिबाच्या घरात ऊब कशी टिकवायची हा प्रश्न आपल्या धोरणात कुठे येतच नाही. सरकारी पैशातून बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घराच्या छतातून किती उष्णता निसटते, हे घर मंजूर करतानाच पाहिलं पाहिजे. त्याशिवाय ते घर पक्कं म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

"आपल्याकडे कुठे एवढी थंडी?" हा प्रश्न मुंबई-पुण्यात हमखास विचारला जातो. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, तो उगाच नाही. ५-६ अंशांचे आकडे तिथे नवे नाहीत. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. तोरणमाळ, गोंदिया, धुळे, जळगाव, नाशिकचा पूर्व भाग या सगळ्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत कोरडी हवा आणि निरभ्र आभाळ असतं. अशा रात्री जमीन आणि छपरं आपली उष्णता थेट आभाळाकडे टाकत राहतात. पातळ पत्र्यापाशी साठवलेली उष्णता जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. माझ्या कपाळावर पडलेला थेंब तिथून आला.

इथे थोडं गणित करतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. छताच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॉट उष्णता निघून जाते, यावरून छताची प्रत ठरते. नुसत्या पत्र्याचा हा आकडा ६ च्या आसपास येतो. उघड्या आरसीसी स्लॅबचा ३ च्या वर. घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे आपण ज्याला २६९ चौरस फूट म्हणतो ते. बाहेर ८ अंश आहेत आणि आत निदान १६ अंश राहावेत एवढीच अपेक्षा धरली, तर पत्र्याच्या छतातून १२०० वॉट उष्णता सतत निसटत राहते. भिंती, दार, फटी यांतून जाते ती वेगळी.

आता याच खोलीत झोपलेली चार माणसं धरा. झोपलेलं माणूस साधारण ७०-८० वॉट उष्णता बाहेर टाकतं. चौघांची मिळून ३०० वॉट. छताचा आकडा ६ वरून १.२ वर आणला, तर छतातून जाणारी उष्णता १२०० वरून २४० वॉटवर येते. म्हणजे घरातल्या माणसांच्या अंगची ऊबच छताची गळती भरून काढायला पुरेल. वीज नको, लाकूड नको. सातपुड्यातल्या घरांत गुरं रात्री आतच बांधतात, त्यामागे चोरा-वाघाच्या भीतीइतकंच हेही शहाणपण असावं असं मला वाटतं. एका गायीच्या अंगची ऊब माणसाच्या कितीतरी पट असते.

१.२ हा आकडा मी मनाने काढलेला नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. राहत्या इमारतींच्या छतातून जाणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा तिने हीच ठरवली आहे. पण ही संहिता आली ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. ज्याच्याकडे एसी घ्यायला पैसे आहेत, त्याच्या छताची काळजी नियमाने घेतली. ज्याच्याकडे दुसरी गोधडी नाही, त्याच्या छतासाठी असा नियमच केला नाही. मला यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. संहिता वीज वाचवण्यासाठी लिहिली गेली आणि गरिबाच्या घरात वाचवण्याइतकी वीज जळत नाही, एवढंच. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

गरिबाच्या घरी थंडीचा खर्च विजेच्या बिलात दिसत नाही, ही या प्रश्नाची खरी अडचण आहे. तो सरपणात दिसतो. बाईच्या मानेवरच्या मोळीत दिसतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि घरोघरी सिलिंडर पोचले. धुरातून सुटका झाली, हे फार मोठं काम झालं. पण चूल फक्त भाकरी भाजत नव्हती. ती खोली तापवत होती, तिच्या वैलावर आंघोळीचं पाणी तापत होतं, तिच्याभोवती पोरं अभ्यासाला बसत होती. स्वयंपाक गॅसवर गेला आणि घरातला एकमेव हीटर गेला. म्हणून हिवाळा आला की आमच्याकडे बाया पुन्हा चूल पेटवतात. "गॅस दिला तरी यांना चूलच लागते," अशी नावं त्यांना ठेवली जातात. नावं ठेवणाऱ्याने एकदा पौषातल्या पहाटे पत्र्याच्या घरात भाकरी थापून पाहावी. घर ऊब धरत असतं, तर चूल पेटवायची गरज निम्मी झाली असती आणि सिलिंडर दिल्याचं सार्थक झालं असतं.

विजेचा हीटर हा यावर उपाय नाही. २००० वॉटचा हीटर रोज चार तास चालवला तर ८ युनिट, महिन्याला २४०. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांनंतरचा दर जवळजवळ दुप्पट होतो. महिना ७०-८० युनिटांत भागणारं घर या एका वस्तूपायी दुसऱ्या टप्प्यात खोल जातं आणि बिल दोन हजारांहून जास्त वाढतं. एवढं करून त्या २००० वॉटपैकी १२०० पत्र्यातून आभाळात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं तर जिवावरच बेततं. त्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपेतून उठायची संधी मिळत नाही. दरवर्षी कुठून ना कुठून अशी बातमी येते. शेगडी ठेवायचीच तर झोपण्याआधी बाहेर काढावी, हे मी भेटेल त्याला सांगतो.

मग खर्च न वाढवता ऊब कुठून येणार? सगळ्यात आधी छतातून. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून दुसरं हलकं छत घेतलं की मधली अडकलेली हवा पांघरुणाचं काम करते. गोधडी तरी दुसरं काय करते? जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा कोंडून धरते. स्लॅब असेल तर गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, करावा. पाणी गळू नये म्हणून आपले गवंडी तो करतातच, उष्णताही तो काही प्रमाणात अडवतो. नवीन स्लॅब ओतताना खालच्या, ताण येणाऱ्या भागात मंगलोरी कौलं घालून 'फिलर स्लॅब' केला, तर काँक्रीट वाचतं आणि छतात हवेच्या पोकळ्याही राहतात. भिंतीत विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवण्याची 'रॅट ट्रॅप' पद्धत आहे. तिने विटाही जवळपास चौथा हिस्सा वाचतात. जिथे सिपोरेक्सचे, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे, ब्लॉक परवडतात तिथे ते वापरावेत. यातलं एकही तंत्र परग्रहावरचं नाही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच निरनिराळ्या हवामानांसाठी घरांचे नमुने 'पहल' नावाच्या संग्रहात छापले आहेत. प्रकृती, हुन्नर, लोकविद्या यांची ती आद्याक्षरं. नाव किती नेमकं आहे! पण घरकुलाचा हप्ता जोता झाला, लिंटेल झालं, छत पडलं, असा टप्प्याटप्प्याने जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो पाहून सुटतो. फोटोत छत असलं की पुरे. ते कसलं आहे आणि त्याखाली काय आहे, यासाठी एक रुपयाचा हप्ता अडत नाही किंवा वाढत नाही. मग लाभार्थी स्वस्तातला पत्रा टाकतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

छतानंतर फटी. पत्रा आणि भिंतीच्या माथ्यामध्ये बोटभर ते वीतभर फट असते. पन्हळीमुळे ती पूर्ण बुजतच नाही आणि रात्रभर तिथून वारा वाहतो. भुसा घातलेल्या मातीने किंवा सिमेंटने ती बुजवायला एका माणसाचं एका दिवसाचं काम लागतं. चूल आत असेल तर धूर जायला जागा ठेवावी लागते, एवढं भान मात्र हवं. तिसरी गोष्ट अंथरुणाखालची. आपण पांघरुणं वाढवत जातो आणि खाली फरशीवर पातळ चटई टाकतो. शहाबादी फरशी अंगातली ऊब शोषून घेते. बाज, नाहीतर भाताच्या पेंढ्यावर गोणपाट, ही जुनी सोय कुठल्याही ब्लँकेटवाटपापेक्षा जास्त ऊब देते.

सूर्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. नाशिक-मालेगावचा भाग २० अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४६ अंशांवर असतो, मे-जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत खिडकी आणि तिच्यावर हातभर छज्जा असेल, तर हिवाळ्यात ऊन खोलीत खोलवर येतं आणि उन्हाळ्यात छज्जाच त्याला बाहेर थोपवतो. काचेच्या एका चौरस मीटरमधून हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी दोन-तीन युनिटांइतकी उष्णता फुकट आत येते. पण दक्षिण म्हणजे यमाची दिशा, म्हणून गावोगाव दक्षिणेची भिंत आंधळी ठेवतात. वास्तू सांगणारे लोक पैसे घेऊन ती बंद करायला लावतात. श्रद्धेला मी हात लावत नाही, दार हवं त्या दिशेला ठेवा. पण खिडकी दक्षिणेला घ्या, दिवसभर उघडून ऊन आत येऊ द्या आणि चार वाजता बंद करा. आंघोळीच्या पाण्याचंही तसंच. बादलीभर पाणी २० अंश तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. चौघांचे रोज दोन, महिन्याचे साठ. म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांनी पहाटेऐवजी दुपारी, काळ्या टाकीत उन्हाने कोमटलेल्या पाण्याने आंघोळ केली, तर हा खर्च बराच उतरतो. देवपूजेआधी आंघोळ हवी म्हणून सत्तरीची माणसं पहाटे पाचला अंगावर पाणी घेतात, ते पाहून माझा जीव कासावीस होतो.

माझ्याशी वाद घालणारे दोन मुद्दे नेहमी काढतात. पहिला: मातीची घरं चांगली होती म्हणता, किल्लारी विसरलात का? विसरलेलो नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली. त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदं, म्हणजे मातीची धाबी, अंगावर कोसळून गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची ज्यांना भीती वाटू लागली, त्यांना जुन्या घरांचं कौतुक सांगायला मला तोंड नाही. शिवाय धाब्याचं घर जपणं म्हणजे दर पावसाळ्याआधी माती टाकणं, सारवणं, गळती शोधणं, आणि हे बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं. पक्क्या घरात मान आहे, सुरक्षितता आहे. आत्यालाही घरकुल हवंच होतं, भांडून घेतलं तिने. मला जुनं घर परत नको आहे. त्या जड मातीमध्ये जो गुण होता, तो हलक्या आणि भूकंपात टिकणाऱ्या बांधकामात आणायला हवा, आणि आज ते करता येतं.

दुसरा मुद्दा पैशाचा. सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. यात चार भिंती उभ्या करताना लाभार्थ्याची दमछाक होते, त्यात आणखी छताचे लाड कुठून, असं विचारतात. राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात या अनुदानात ५० हजारांची भर जाहीर केली. त्यातला एक ठरावीक भाग छताच्या उष्णतारोधनासाठी राखून ठेवा आणि तो छताचं काम पाहूनच द्या, ही माझी मागणी आहे. तालुक्यातल्या गृहनिर्माण अभियंत्यांना आणि गावच्या गवंड्यांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्या. "महिनाभराच्या थंडीसाठी एवढा खटाटोप?" असं वाटणाऱ्यांनी हेच छत मे महिन्यात आठवून पाहावं. जो पत्रा जानेवारीत रात्री गळतो, तोच मे महिन्यात दुपारी तव्यासारखा तापतो. जळगावात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा त्याखाली बाळंतीण असते, म्हातारा असतो, शाळेला सुट्टी लागलेली पोरं असतात. उष्णता बाहेर जाऊ न देणारं छत उष्णता आतही येऊ देत नाही. उन्हाळ्यासाठी आपण उष्णता कृती आराखडे करतो, ते केलेच पाहिजेत. त्या आराखड्यात छताची तरतूद केली तर थंडीचं काम त्याच पैशात होऊन जातं. एवढा सरळ हिशेब सरकारी फायलीत कधी मांडला जाईल, याची मी वाट पाहतो आहे.

आणि ज्यांना घरकुलही नाही त्यांचं काय? निफाडच्या द्राक्षबागांत पारा उतरला की शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतो, ठिबकचं पाणी सोडतो, कारण मणी तडकले तर वर्ष बुडतं. त्याची तगमग मला कळते. पण त्याच बागेच्या बांधावर पेठ-सुरगाण्याहून आलेली मजूर कुटुंबं प्लास्टिकच्या पालाखाली झोपलेली असतात. ऊसतोडीचा हंगाम तर ऐन थंडीतच असतो. बांबूच्या ताट्यांची कोपी, खाली ओली जमीन, आत महिन्याचं बाळ. या माणसांसाठी छताचा आकडा काढायला छतच नाही. हंगामापुरतं का होईना, जमिनीपासून वर उचललेलं आणि वाऱ्यापासून आडोसा असलेलं निवाऱ्याचं ठिकाण देणं ही कारखान्याची आणि बागायतदाराची कायद्याने जबाबदारी असली पाहिजे. त्याला दयाधर्माचं रूप देऊ नये. ब्लँकेट वाटतानाचे फोटो खूप झाले.

गेल्या दसऱ्यानंतर आम्ही आत्याच्या घरकुलात पत्र्याखाली छत घेतलं. बुरुडाकडून बांबूचे तट्टे आणले, वीतभर अंतर सोडून बांधले, वर गोणपाटाचे दोन थर टाकले, खालून शेणमातीचा हात दिला. भिंतीच्या माथ्यावरच्या फटी बुजवल्या. मजुरी धरून आठ-नऊ हजार लागले. उंदीर येतील अशी तिला भीती होती, म्हणून कडेने जाळी मारली. मक्याची पोती ओसरीत हलवली.

संक्रांतीला फोन केला तेव्हा ती नव्या घरात झोपत होती. थेंब पडत नाहीत म्हणाली, नातवाचा खोकला कमी आहे म्हणाली. दह्याचं विरजण मात्र अजून जुन्याच घरात लावते. तिथल्या भिंतीजवळ ते एका रात्रीत लागतं, इकडे अजून दुसरा दिवस उजाडतो.